पहिल्या बोलीचा मान

भगवंत उमाळेला पत्ते कळत नव्हते असं कोणी म्हणालं, तर त्याच्या नादी लागू नये. पत्ते त्याला कळत होते. खाली पडलेलं पान तो विसरत नसे, समोरच्याचा गळा कधी कोरडा पडला ते त्याला दिसे, आणि हातात बादशाह असो की दुर्री, त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. तरी हा माणूस आयुष्यभर हरला. चांगली पानं हातात धरून हरला. वाईट पानांनी हरणाऱ्याची कीव येते. भगवंताचा मात्र राग येतो, आणि तो त्याच्यावर काढावा की त्याला बसवलं त्या जागेवर काढावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अकोल्याला मोर्णेच्या काठी त्याचा मळा होता. 'त्याचा' आपलं सवयीनं म्हणायचं. कागदावर मळा नारायणराव वकिलांचा, भगवंत तो मक्त्यानं करायचा. इंग्रज जायच्या आदल्या साली त्यानं तो घेतला, तेव्हा नुसती बाभळीची झुडपं आणि चैत्रात तळ दाखवणारी एक विहीर, एवढीच काय ती इस्टेट. भगवंतानं आणि त्याच्या बायकोनं, वच्छलानं, ती विहीर खोल केली. तो खाली दगड फोडायचा, ती वर दोर ओढायची. पाणी लागलं त्या दिवशी तिच्या तळहातांची सालं निघालेली होती, आणि तेच हात तिनं पाण्यात बुडवले. मग वांगी आली, मेथी आली, सांबार म्हणजे कोथिंबीर आली, बांधाला शेवंती न झेंडू. भगवंत मोट हाकायचा आणि वच्छला भाजीबाजारात पोतं टाकून बसायची. पोटाला पोर नव्हतं. लोक विचारायचे तर वच्छला म्हणायची, "मळा हाये ना. त्याच्याच तोंडात घालून राह्यलो दोघं."

नारायणराव तसे भले गृहस्थ. फौजदारीचे वकील होते, पण घरात आवाज चढवल्याचं कोणी ऐकलं नाही. मक्त्यासाठी त्यांनी कधी तगादा लावला नाही. सकाळी देवाला फुलं भगवंताची, पानात भाजी भगवंताची, आणि त्याबद्दल दोन गोड शब्द वकीलसाहेबांचे. गोड शब्दांना काय लागतं? पण भगवंताला ते पुरत. बाप लहानपणी मेलेला, भावकीनं हाकलून दिलेला माणूस तो. त्याला कोणी नावानं हाक मारून "बस" म्हटलं की तो अर्धा विरघळून जायचा.

वकिलांच्या बैठकीत दर रविवारी दुपारी पत्त्यांचा डाव पडायचा. वकील स्वतः, जिनिंगची दलाली करणारे उत्तमराव देशमुख, बाजारातला आडत्या शालिकराम आणि एक पोस्टमास्तर, असे चौघं. पोस्टमास्तरांची बदली अमरावतीला झाली आणि डाव मोडायची वेळ आली. भगवंत भाजी द्यायला आला की पायरीवर उभा राहून डाव पाहायचा. एकदा न राहवून म्हणाला, "उत्तमराव, ते पान टाकू नोका." उत्तमरावांनी टाकलं आणि हरले. पुढच्या रविवारी वकील म्हणाले, "भगवंता, तूच ये की रे चौथा." माणूस पाय धुऊन आत गेला आणि सतरंजीच्या काठावर बसला. ते साल त्रेपन्न.

आता हा डाव समजून घ्या, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. खेळायचे ते तीन पत्त्यांचं फल्लासच, पण वकिलांच्या घरचं. आधी प्रत्येकाला तीन पानं. त्यावर एक फेरी बोली व्हायची. मग प्रत्येकाला चौथं पान मिळायचं, चारांतली चांगली तीन ठेवायची, एक टाकायचं, आणि पुन्हा बोली. पैसा नाही, वकिलाच्या घरी जुगार झाला म्हणून बोभाटा नको. चिंचोके मांडायचे. बोली वाढवायची तर मध्ये जेवढे चिंचोके पडलेत तेवढ्यापर्यंतच वाढवता येई, एकदम उडी नाही. म्हणजे मधला ढीग आधी बारीक असायचा, मग बोलीगणिक फुगत जायचा. महिनाअखेरीला ज्याच्याकडे सगळ्यांत कमी चिंचोके, त्यानं बाकीच्यांना रोडग्यांचं जेवण घालायचं. एवढा साधा खेळ.

पण त्या घरात आणखी एक रीत होती. पत्ते वाटायचे ते फक्त घरधन्यानं. आपण वाटणारे फिरत जातो, तिथं ते फिरत नसे. आणि वकिलांच्या उजव्या हाताला, दाराशी, जी जागा पोस्टमास्तरांची होती ती भगवंताला मिळाली. उजव्या हाताचा पहिला बोलायचा. दोन्ही फेऱ्यांत तोच पहिला. उत्तमरावांनी पहिल्याच दिवशी मिशीवरून हात फिरवून सांगितलं, "भगवंता, पहिल्या बोलीचा मान तुझा बरं. आम्ही मागून."

मान. ह्या एका शब्दानं आपल्याकडे किती जणांची घरं धुतली गेली, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

पत्ते खेळणाऱ्याला सांगायला नको की पहिला बोलणारा आंधळा असतो. मागच्या तिघांना त्याचं बोलणं ऐकून ठरवता येतं, त्याला कोणाचंच ऐकता येत नाही. भगवंताला चेहरे वाचता यायचे हे खरं, पण त्याचं बोलून झाल्यावर. म्हणजे आग लागून विझल्यावर विहिरीचा पत्ता कळल्यासारखं. एकदा त्याला पहिल्याच तीन पानांत बदामची नव्वी, दश्शी, गुलाम अशी लागून पानं आली. असली पानं सालातून एखाद्यावेळी येतात. तो कमी बोलला असता तर तिघंही स्वस्तात आत आले असते. जास्त बोलला तर तिघं पत्ते टाकून मोकळे, आणि ह्याच्या पदरात चार चिंचोके. म्हणून तो मधलं बोलला. शालिकरामनं टाकले, वकिलांनी टाकले, उत्तमराव मात्र दोन बादशाह धरून बसले. चौथं पान आलं. भगवंताला पुन्हा पहिलं बोलायचं होतं. हाती एवढी पानं असताना माघार कोण घेईल? तो ढिगाएवढं बोलला. तेव्हा कुठं उत्तमरावांच्या नाकपुड्या हलल्या, आणि भगवंताला कळलं की तिसरा बादशाह पोचला, आणि तीन बादशाहांपुढे लागून पानंही खालीच. कळून काय करता? चिंचोके मध्ये पडले होते. उत्तमरावांनी उलट तेवढंच वाढवलं, आणि भगवंतानं पानं उलटी टाकली.

"चांगली पानं होती रे तुझी," वकील हळहळून म्हणाले. ते नेहमीच हळहळायचे.

असं महिन्यामागून महिना चाललं. रोडग्यांचं जेवण भगवंताकडे ठरलेलंच. मळ्यात आंब्याखाली गोवऱ्या पेटायच्या, निखाऱ्यात रोडगे भाजायचे, वच्छला वांग्यांची भाजी आणि तुरीचं वरण करायची. वकील जमिनीवर मांडी घालून जेवायचे आणि म्हणायचे, "रानात कसला विटाळ न कसलं काय." ह्या वाक्याचंही भगवंताला कौतुक. वच्छलाला नव्हतं. सगळे ढेकर देऊन गेल्यावर ती भांडी घासताना म्हणाली, "जमीन त्याइची, मक्ता आपून द्या, न वरतून जेवूबी आपूनच घाला. ह्या खेळात ते हरतेत कवा?"

"जितासाठी थोडाच जातो म्या," भगवंत म्हणाला.

"मंग कायच्यासाठी जाता?"

सांगण्यासारखं होतं, पण बायकोपुढे बोलायची लाज वाटली. त्या सतरंजीवर त्याला कोणी माळी म्हणत नसे, भगवंता म्हणत. तो पाच मिनिटं उशिरा पोचला तर डाव थांबायचा. आयुष्यात त्याच्यासाठी दुसरं काहीच कधी थांबलं नव्हतं.

जागेचं त्याला कळत नव्हतं असंही नाही. एकदा वकील तापानं पडले, तेव्हा आतल्या खाटेवरून त्यांनी परवानगी दिली आणि उत्तमरावांनी पानं वाटली. शेजारचा एक मास्तर चौथा म्हणून बसला. बसायची जागा कोणी बदलली नव्हती, पण वाटणारा बदलल्यामुळे भगवंताची बोली दोघांच्या मागून आली. त्या दुपारी त्यानं तिघांनाही सोलून काढलं. पानं मध्यमच होती, पण त्याला आधी दोघांचं ऐकायला मिळत होतं. शालिकराम म्हणाला, "आज नशीब जोरावर हाये बुवा." भगवंत हसला. नशीब नव्हतं ते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या रविवारी वकील उठून बसले, गड्डी हातात घेतली, आणि भगवंत गुपचूप पहिल्या बोलीवर परत आला. 'साहेब, वाटणी फिरती ठेवू' एवढं म्हणायचं होतं. ते न म्हणता त्यानं पानं उचलली. मान म्हणून दिलेली जागा नाकारायची कशी?

इथपर्यंत चिंचोक्यांचा खेळ होता. चिंचोके हरून कोणी मरत नाही.

अठ्ठावन्न-एकोणसाठच्या सुमाराला वऱ्हाडात कूळकायद्याची बोलणी सुरू झाली. जो कसतो त्याची जमीन. मालकाला स्वतः कसायची असेल तर त्यानं ठरल्या मुदतीत तसा अर्ज करावा, कुळाला कळवावं. तो गप्प बसला तर ठरल्या दिवशी जमीन कुळाची, आणि सरकार ठरवील ती किंमत हप्त्यानं फेडायची. गावोगाव मालकांची झोप उडाली. कोणी मुलाच्या नावानं नांगर धरला, कोणी कुळाला रातोरात हाकललं. भगवंताचा मेहुणा सहदेव बाळापूरला राहायचा, त्याच्या चुलत्याची जमीन अशीच सुटून यायच्या बेतात होती. तो बहिणीकडे मुद्दाम हे सांगायला आला.

"भाटवे," तो भगवंताला म्हणाला, "तुमचं नाव तलाठ्याच्या पेऱ्याले सालोसाल लागून हाये. तुमच्या वकिलानं अर्ज केला काय?"

"नाई."

"नोटीस?"

"काहीच नाई. त्याइच्या ध्यानातबी नसन. फौजदारीवाले हायेत ते. शहराजवळचा मळा ह्या कायद्यात येत नाई, असंच मानून हायेत."

सहदेवानं मांडीवर थाप मारली. "मंग आता एक काम करा. तोंड शिवून बसा. मक्ता वेळेवर द्या, फुलं द्या, पत्ते खेळा, पण मळ्याचं नाव काढू नोका. मुदत गेली का मळा तुमचा. त्याइलेच पयले बोलू द्या."

वच्छला चुलीपुढे होती. तिनं मान वळवली नाही, पण भाकरी थापायचा हात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हातात अशी पानं आली होती की फक्त गप्प राहायचं होतं. ती म्हणाली, "बाजारात मी काय करतो? गिऱ्हाइकालेच पयले भाव बोलू देतो. आपून आदी बोललं का मेलो. सोपं हाये. नुसतं गप बसा."

सोपं आहे, म्हणे. ज्याला आयुष्यभर पहिलं बोलायला बसवलं त्याला गप्प बसणं किती सोपं असतं, ते त्या माउलीला कुठून कळावं.

त्या महिन्यांत भगवंताची भूक गेली. रविवारी तो बैठकीत जायचा, दाराशी बसायचा, वकील प्रेमानं पानं वाटायचे, आणि ह्याला वाटायचं, आपण ह्या माणसाच्या घरी बसून त्याच्याच खिशात हात घालतो आहोत. कायदा काय म्हणतो ते त्याला समजलं होतं. विहिरीत फोडलेला दगडही आठवत होता. पण बाभळीचं रान असताना "घे, कर" म्हणून तो मळा दिला होता ह्याच माणसानं. भावकीनं हाकलल्यावर कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा दिला होता. पाठीमागून घेतला तर चोर आणि आपल्यात फरक काय? पाठीमागून घेऊ नये, तोंडानं मागून घ्यावं, असं त्याच्या भाबड्या डोक्यात बसलं. मळा तर हवाच होता. जिवापेक्षा हवा होता. पण तो त्याला वकीलसाहेबांच्या हातून हवा होता. सरकारी भावापेक्षा वरचढ किंमत द्यायची त्याची तयारी होती. त्यासाठी तो बैल विकणार होता, वच्छलाच्या पाटल्या मोडणार होता. तिला ह्यातलं त्यानं काही सांगितलं नाही.

मुदत संपायला थोडे दिवस राहिले होते. रविवार होता. वकिलांनी तीन-तीन पानं वाटली आणि नेहमीसारखं म्हणाले, "हं, भगवंता, बोल."

भगवंतानं पानं उचललीच नाहीत. म्हणाला, "साहेब, मळ्याचं कसं करता? कायदा आला म्हणते. उद्या तो मळा माह्या नावावर होऊन जाईन, न तुमाले वाटन भगवंतानं दगा केला. मले तसा नाई पाह्यजे. तुमी म्हणसान ती किंमत देतो. तुमच्या हातानं द्या."

मग उत्तमरावांनी शालिकरामकडे पाहिलं, शालिकराम सतरंजीच्या नक्षीकडे पाहू लागला. भगवंत वकिलांचा चेहरा वाचत होता. त्या चेहऱ्यावर आधी नवल आलं. खरंखुरं नवल. ह्या गृहस्थाला खरोखरच ठाऊक नव्हतं. नंतर डोळे किंचित बारीक झाले, तसे ते कोर्टात साक्षीदार चुकीचं बोलून गेल्यावर व्हायचे, आणि लगेच नेहमीचं मऊ हसू पसरलं. भगवंताला सगळं दिसलं. बोलून झाल्यावर दिसलं.

"वेड्या," वकील म्हणाले, "मळा तुझाच आहे. त्याची कसली काळजी करतोस? उचल पानं."

त्या दुपारी भगवंत जिंकला. सगळे त्याच्याशी फार गोड खेळले.

घरी आल्यावर त्यानं वच्छलाला सांगितलं. लपवणं त्याला जमतच नव्हतं. ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "तुमी कावून बोलले?"

"ते म्हणाले, मळा तुहाच हाये."

"त्याइनं म्हणून काय होते? गप बसले असते तर तो आपलाच होता."

चार दिवसांनी वकील स्वतः मळ्यात आले. आंब्याखाली बसले, पाणी प्यायले, आणि भगवंताच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचं म्हणणं असं, की कायद्यानं मळा गेला तर गावात माझी शोभा होईल. कुळानं वकिलाची जमीन खाल्ली म्हणतील. शिवाय हप्ते, कचेरी, हेलपाटे, ते तुला कशाला? त्यापेक्षा तू तुझ्या हातानं राजीनामा दे. लिहून दे, की मी स्वखुशीनं जमीन सोडतो. एकदा जमीन मोकळी झाली, की मी माझ्या हातानं तुला खरेदीखत करून देतो. "तू मला दे, मग मी तुला देतो. दोघांचाही मान राहील."

आधी तू, मग मी. इतकी वर्षं त्या सतरंजीवर बसलेल्या माणसाला ह्यातलं काही कळलं नसेल असं मी मानत नाही. कळलं होतं. पण आपण मागितलं होतं तेच शब्दाला शब्द हा माणूस देऊ करतो आहे, मग नाही कसं म्हणणार? स्वतःच्याच तोंडानं स्वतःचे पाय बांधून घेतले होते त्यानं.

वच्छला वांग्यांच्या वाफ्यातून उठून आली. डोक्यावरचा पदर तिनं पुढे ओढला आणि वकिलांशी पहिल्यांदा सरळ बोलली. "साहेब, खरेदीखत आदी करा, राजीनामा मंग देऊ."

वकिलांना राग आला नाही. त्यांनी भगवंताकडे पाहून विचारलं, "आपल्यात असं आहे का रे भगवंता?"

भगवंत बायकोला म्हणाला, "तू घरात जाय."

तहसील कचेरीत जो अधिकारी होता तो तरुण, परक्या जिल्ह्यातला आणि कामाला चोख होता. असले स्वखुशीचे राजीनामे त्यानं पुष्कळ पाहिले असावेत. त्यानं कागद वाचला, भगवंताचे हात पाहिले, आणि वकिलांना म्हणाला, "साहेब, आपण जरा बाहेर बसा." वकील बाहेर गेले. मग त्यानं भगवंताला खुर्चीवर बसवलं. भगवंत संकोचून काठावर बसला.

"हे पाहा बाबा," तो म्हणाला, "ह्या कागदावर अंगठा केला की जमीन गेली. त्यांनी तुम्हाला परत द्यायचं कबूल केलं असेल, तर ते ह्यात कुठं नाही. तुम्ही नाही म्हणा, मी आत्ता हा कागद फाडतो. तुम्हाला कोणी हात लावणार नाही. बोला, स्वखुशीनं देता?"

एवढं कोण करतं हो? देव खाली आला असता तरी ह्याहून जास्त काय बोलला असता? वकील बाहेर होते, दार लोटलेलं होतं. भगवंताच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी आधी बोललं होतं, सगळी पानं उघडी मांडून बोललं होतं, आणि आता पाळी भगवंताची होती. एक 'नाही' म्हणायचं होतं. विहीर, मोट, वाफे, वच्छलाचे हात, सगळं त्या दोन अक्षरांवर उभं होतं.

भगवंताला कळून चुकलं होतं की खरेदीखत होणार नाही. आंब्याखाली "आपल्यात असं आहे का" हे ऐकलं तेव्हाच कळलं होतं. पण नाही म्हणायचं म्हणजे ह्या परक्या पोराच्या तोंडावर कबूल करायचं, की इतके रविवार ज्याच्या शेजारी बसलो तो माणूस दगाबाज आहे, ती सतरंजी खोटी आहे, आणि तिथं आपल्यासाठी डाव थांबायचा तो आपल्यासाठी नव्हे. मळा सोडता येत होता. हे सोडवत नव्हतं.

"स्वखुशीनं," तो म्हणाला.

बाहेर कडुनिंबाखाली वच्छला आणि सहदेव बसले होते. ह्याच्या अंगठ्याला शाई पाहून सहदेव उठला आणि बाळापूरच्या मोटारीकडे चालू लागला. नंतर त्यानं त्या घरी पाऊल टाकलं नाही.

खरेदीखत झालं नाही, हे सांगायलाच हवं का? आधी वकील कोर्टाला सुट्टी लागू दे म्हणाले. मग मुलगा रविकांत नागपूरहून वकिलीची परीक्षा देऊन येऊ दे म्हणाले. रविकांत आला, त्यानं मळ्याला चकरा मारल्या, आणि विहिरीवर इंजिन बसलं. भगवंताला "तू राहा की, रोजानं" असं सांगण्यात आलं. एक पावसाळा तो आपल्याच वाफ्यांत रोजानं राबला. पुढच्या साली तो मळा शालिकरामला विकला गेला. त्यानं शेवंती उपटून लाकडांची वखार घातली. रविवारचा डाव चालूच होता, शेजारचे मास्तर चौथे झाले होते. भगवंताला कोणी येऊ नकोस म्हटलं नाही. कोणी बोलावलंही नाही.

अमरावतीला कॅम्पात एका साहेबांच्या बंगल्यावर त्याला माळीकाम मिळालं. मागच्या खोलीत दोघं राहू लागली. वच्छला फुलं विकत घेऊन हार करायची. ती नवऱ्याशी बोलायची, जेवू घालायची, आजारपणात पाय चेपायची, पण मळ्याचं नाव काढायची नाही. आपल्याला शिव्या द्याव्यात, चार माणसांत देखावा करावा, असं भगवंताला वाटायचं. तिनं ते सुखही दिलं नाही. साहेबांनी एकदा विचारलं, "तुमचा स्वतःचा मळा होता म्हणे?" भगवंत म्हणाला, "होता. म्या स्वखुशीनं देल्ला." दारात वच्छला हार गुंफत होती. तिची सुई चालत राहिली.

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात रविकांतचं लग्न निघालं. मुलगी अमरावतीची, प्रमोदिनी नावाची, अंबापेठेतल्या एका प्राध्यापकांची. फुलांचं काम नेमकं वच्छलाकडे आलं. कोणाचं लग्न आहे ते तिला मांडवात पोचल्यावर कळलं. भगवंत टोपली घेऊन मागे होता. तो परत फिरायला लागला, तर ती म्हणाली, "कावून? काम हाये. हार द्या न या."

हार देताना वकिलांनी त्याला पाहिलं. केस पिकले होते, पण हसू तेच मऊ. "अरे भगवंता," म्हणून ते सोफ्यावरून उठले, भर मांडवात त्याचा हात धरला आणि व्याह्यांपुढे घेऊन गेले. प्राध्यापक होते, त्यांचे दोन-चार स्नेही होते, अकोल्याचे उत्तमराव होते.

"ह्याला बघून ठेवा," वकील म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता, हेच तर जास्त वाईट. "कायद्यानं मळा ह्याच्या नावावर होत होता. हा स्वतःहून माझ्याकडे आला आणि म्हणाला, साहेब, मला असा नको. कचेरीत जाऊन स्वखुशीनं परत दिला. अशी माणसं आता राहिली नाहीत हो."

सगळ्यांनी भगवंताकडे पाहिलं. प्राध्यापकांनी चक्क हात जोडले. कोणी तरी "वा" म्हणालं. कोणी पेढा आणून त्याच्या हातावर ठेवला. भगवंत ताठ उभा राहिला. मग वाकून त्यानं सगळ्यांना रामराम केला, आणि त्याच्या तोंडावर हसू पसरलं. रुंद, लहान लेकरासारखं हसू. इतक्या वर्षांत ते कोणी पाहिलं नव्हतं.

वच्छला मांडवाच्या खांबाशी उभी होती.

परत येताना ऊन मी म्हणत होतं. मोकळी टोपली भगवंताच्या डोक्यावर होती, वच्छला दोन पावलं मागे. दोघं कॅम्पाच्या रस्त्याला लागली. मग ती मागूनच म्हणाली, "तुमी खूश झाले."

भगवंत चालत राहिला.

"म्या पाह्यलं. मळा गेला तवा तुमी रडले नाई, मले वाटलं छातीवर दगड ठेवला असन. आज हासले तुमी."

तो थांबला. टोपली खाली ठेवून त्यानं तोंड पुसलं. खोटं बोलता आलं असतं. गप्प राहता आलं असतं. ते तर आयुष्यात एकदा तरी जमायला हवं होतं.

"लई बरं वाटलं मले," तो म्हणाला.

वच्छलानं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग टोपली उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि त्याला मागे टाकून पुढे चालू लागली.